छातीत जळजळ होती, नाव मी वहिनीचं घेतलं

सुरुवातीलाच सांगून टाकतो. माझ्या अन्ननलिकेत जखमा झाल्या होत्या, आणि त्यांचं कारण म्हणून मी थोरल्या भावाच्या विधवेचं नाव वस्तीच्या बैठकीत घेतलं. तिने जेवणातून करणीचं काहीतरी माझ्या पोटात घातलं, असं मी म्हणालो. ते खोटं होतं. बोलताना ते खोटं आहे हे मला निम्म्याहून अधिक ठाऊकही होतं.

ज्यांच्या छातीत वर्षानुवर्षं जळतं आणि जे त्याला नुसतं पित्त म्हणून सोडून देतात, त्यांच्या उपयोगी पडावं म्हणून मी हे लिहितो आहे. आजाराचं तेवढं लिहून वहिनीचं गाळता आलं असतं. तसं एकदा लिहूनही पाहिलं. ते पान फाडून टाकलं.

मी कोण

मी आरोग्यखात्यातला देवी टोचणारा, म्हणजे देवीची लस देणारा. मेढ्याभोवतीची डोंगरातली गावं माझ्याकडे असत. मला पाहिलं की पोरं पळत, बाया आतून कडी लावत. "देवी कोपंल, टोचू नगा," म्हणत. मी पायरीवर बसून त्यांना सांगे की हा रोग आहे, यात कुणाचा कोप नाही. कधी हसतही असे त्यांना. घरी येऊन त्यांची नक्कल करून दाखवी.

आमच्या वस्तीने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या वर्षी घरातले देव मी स्वतः टोपलीत घालून नदीला सोडले होते. देवऋषी, अंगारा, उतारा यांच्या वाटेला पुन्हा जाणार नाही, असं सगळ्यांबरोबर उभं राहून बोललो होतो. मी पुढे जे केलं ते अडाणीपणाने केलं असं मला म्हणता येत नाही.

वहिनीचं नाव गऊबाई. ती लग्न होऊन आली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो आणि घरात आई नव्हती. तिनेच मला वाढवलं. भाऊ गेल्यावर ती आमच्यातच राहिली. वस्तीत कुणी बाळंत झालं की पहिल्या बारा दिवसांचं जेवण तिच्या हातचं असे. तिची आळिवाची खीर खाल्ल्याशिवाय बाळंतिणीला दूध येत नाही, असं बाया म्हणत. तिला दुसरा मान कसला नव्हता. हा होता.

जळजळ

सकाळी गुळाचा काळा चहा घेऊन मी निघे. खात्याचा माणूस म्हणून गावोगाव चहा मिळे, पण काही घरांत माझ्यासाठीची कानतुटकी कपबशी वळचणीला खोचलेली असे. ती आपणच काढायची, चहा वरून ओतून घ्यायचा, प्यायचा, विसळून परत खोचायची. जेवणाचं कुणी विचारत नसे. भाकरी बांधून नेली तर बसून खायची कुठे, हा प्रश्न असे, म्हणून नेणंच सोडलं. दिवसभरात आठ-दहा चहा आणि मधे मधे तंबाखू. संध्याकाळी घरी आलो की दिवसाचं सगळं एकदम जेवायचं. तीन भाकऱ्या, तिखट कालवण, वर तेल. ताटावरून उठलो की आडवा.

चाळिशी आली आणि छातीच्या मधल्या हाडामागे जळायला लागलं. पोराचा दंड धरून वाकलो की आंबट पाणी घशाशी येई. पहाटे खोकला, घसा बसलेला. मी खायचा सोडा पाण्यात घालून घेत असे. ढेकर येई, तासभर बरं वाटे, पुन्हा तेच. सोड्याची पुडी खिशात लशीच्या कुप्यांशेजारी असे.

एकदा हे मी घरी सांगितलं. बायको शेवंता दोन शेजारणींशी बोलत बसली होती. वहिनी भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, "भावजी, दिवसभर उपाशी फिरायचं अन् रातच्याला कणगी भरल्यागत भरायचं. जळंल न्हाई तर काय हुईल?"

"तिथं कोण वाढणार हाय मला?" मी म्हणालो.

"भाकरी मी बांधून देते. झाडाखाली बसून खावा. अन् ती वळचणीची कपबशी सोडा. देव सोडलंसा, ती सुटंना व्हय तुमाला?"

शेवंताच्या आणि दोन शेजारणींच्या देखत ती हे बोलली. शेजारणी हसल्या. माझ्या आजाराचं खरं कारण आणि त्यावरचा उपाय त्या दोन वाक्यांत होता. सांगलीच्या डॉक्टरांनी नंतर याहून फारसं वेगळं सांगितलं नाही. पण मला त्यातलं फक्त कपबशीचं ऐकू आलं. ते खरं होतं म्हणून लागलं. त्या दिवसापासून मी तिच्याशी कामापुरतं बोलू लागलो.

राखेची पाटी

त्या वर्षी बुद्धपौर्णिमेला वस्तीचं जेवण होतं. खीर वहिनीने केली होती. मी भरपूर जेवलो आणि दुपारी लिंबाखाली झोपलो. जाग आली ती गुदमरून. नाकातोंडात आंबट पाणी, छातीत निखारा ठेवल्यासारखं. वाटलं, संपलो.

सासू जेवणासाठी आली होती. तिने पोट दाबून बघितलं आणि म्हणाली, "हे पित्त न्हवं. कुणीतरी घातलंया पोटात. काढून घ्या."

काढून देणारा एक म्हातारा पलीकडच्या खोऱ्यात होता. मी रजा टाकली आणि घरी तपासणीला साताऱ्याला जातो म्हणून सांगून त्याच्याकडे गेलो. त्याने उलटी आणणारा गेळफळाचा काढा आणि तांब्याभर मिठाचं पाणी पाजलं. राखेने भरलेल्या पाटीत ओकायला लावलं. मग काठीने राख उकरून एक काळा गोळा काढला, मेणासारखा, केस गुंडाळलेला.

तो गोळा राखेत आधीपासून होता. मी आरोग्यखात्याचा माणूस, मला ते दिसायला हवं होतं. दिसलंही असेल. पण पोट रिकामं झाल्याने त्या घटकेला जळजळ थांबली होती, आणि थांबली हे खरं होतं.

"घरात कुणाच्या हातचं खातासा?" म्हाताऱ्याने विचारलं.

"बायकोच्या. वहिनीच्या."

"मग इचार करा, तुमचं तुमी."

एवढंच तो बोलला. त्याने नाव घेतलं नाही. घाटातून परत येताना नाव मी ठरवलं.

त्यानंतर दोन वर्षं, महिन्या-दोन महिन्यांनी मी तिथे जाऊन ओकून येत होतो.

बैठक

पुढच्या पौर्णिमेच्या आधी समाजमंदिरात बैठक बसली. वस्तीतले वडीलधारे तात्या कामं वाटून देत होते. ते म्हणाले, "खिरीचं काय इचारायचं न्हाई. गऊबाई हाय."

मी म्हणालो, "खिरीला दुसरं कुणीतरी बघा. गेल्या वर्षाची अजून माझ्या पोटात हाय."

दोघे-तिघे हसले. त्यांना थट्टा वाटली.

"म्हंजी रं?" तात्यांनी विचारलं.

"घातलंय मला तिनं. काढणाऱ्यानं नाव सांगितलं."

 मग एक तरुण मास्तर म्हणाला, "आपण हे मानत नाही. आपण हे सोडलंय." त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही. तात्या खाली बघत म्हणाले, "मानत न्हाईच. पण खीर औंदा दुसऱ्या कुणाला सांगू." अशा रीतीने न मानणाऱ्या पन्नास माणसांनी ते मानलं. मी तर खात्याचा माणूस होतो. मी म्हणतो म्हणजे असणारच.

वहिनी बायकांत दाराशी बसली होती. ती उठून गेली. मी घरी पोचलो तेव्हा तिची चूल, दोन भांडी आणि पाटावरवंटा पडवीत हलला होता. "तुमची भाकरी शेवंतानं केलीया," ती म्हणाली. "माझ्या हातची न्हाई. बिनघोर खावा."

महिन्याभरात तीन घरं सोडून एक पोरगी बाळंत झाली. वहिनी सवयीने खिरीची तपेली घेऊन गेली. पोरीच्या सासूने तपेली हातात घेतली, आत नेली नाही, तशीच उंबऱ्यावर ठेवली. मी पडवीतून पाहत होतो. वहिनीने तपेली उचलली आणि परत आणली. त्यानंतर ती कुणाकडे गेली नाही, तिला कुणी बोलावलंही नाही.

घास अडकू लागला

मला बरं वाटायला हवं होतं. झालं उलटं. आधी भाकरीचा घास छातीत अडकू लागला, मग भात, मग मऊ गुरगुट्या भातही. पाणी प्यायलो तरी ते आतल्या आत थांबलेलं कळे. वजन उतरलं. सदऱ्याच्या बाह्या लोंबायला लागल्या. गाठ असेल, हे मनात येत होतं, पण तो शब्द मी उच्चारला नाही. शेवंतानेही नाही. आम्ही दोघे एकमेकांपासून तो शब्द लपवत होतो आणि दुसऱ्याच कारणांवरून भांडत होतो.

शेवटी शेवंताचा भाऊ सांगलीहून आला. तो तिकडे हळदीच्या वखारीत कामाला होता. त्याने मला पाहिलं आणि बहिणीला म्हणाला, "अक्का, ह्यो माणूस हाय का दोरीवरचं धोतर? उद्याच्या गाडीनं न्हेतो." मी ओकायला खोऱ्यात जातो हे त्याला कळलं तेव्हा तो माझ्याशी वाटेत एसटीत एक शब्द बोलला नाही.

निदान

सांगलीच्या दवाखान्यात मला खडूच्या चिखलासारखं पांढरं औषध प्यायला दिलं आणि उभं करून, मग डोकं खाली करून एक्स-रे फोटो काढले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी काच उजेडाकडे धरून दाखवली. ते उंच, सावकाश बोलणारे गृहस्थ होते.

"गाठ दिसत नाही," ते आधी म्हणाले.  मी खुर्ची धरली.

मग त्यांनी कागदावर काढून दाखवलं. जठराच्या तोंडाशी एक झडप असते. अन्न खाली जाऊ देते, आम्ल वर येऊ देत नाही. माझी सैल पडली होती. आम्ल रोज वर येऊन अन्ननलिका भाजत होतं. भाजलेल्या जागी व्रण, व्रण भरताना आकसून नळी अरुंद, म्हणून घास अडकतो.

"पण इतकं लवकर एवढं अरुंद?" ते स्वतःशीच म्हणाले. मग मला विचारलं, "उलट्या होतात का?"

"करतो."

"करता म्हणजे?"

सांगावं लागलं. गेळफळ, मीठ, पाटी, दोन वर्षं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"झडप आधीच सैल, आणि तुम्ही दर महिन्याला जोर लावून ते आम्ल वर आणत होता," ते म्हणाले. "तुम्ही काम काय करता?"

"देवी टोचतो."

त्यांनी पेन खाली ठेवलं. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी ते पुन्हा उचललं आणि केसपेपर लिहायला घेतला.

कॉटखालच्या विटा

सात आठवडे राहिलो. दर दोन तासांनी दूध आणि पांढरी पूड. कॉटच्या उशाकडच्या पायांखाली दोन-दोन विटा, म्हणजे झोपेत आम्ल वर चढू नये. आठवड्यातून एकदा नळी रुंद करायला घशातून रबरी नळ्या घालत, आधी बारीक, मग जाड. ते मी वर्णन करत नाही. ज्याला करून घ्यावं लागेल त्याने घाबरून टाळू नये, एवढंच सांगतो. त्यानंतर खाल्लेली पहिली मऊ इडली मला आठवते. ती आपली आपण खाली उतरली. मी रडलो.

शेजारच्या कॉटवर कडेगावचे एक निवृत्त हवालदार होते. ऊसवाले, पोट सुटलेलं, त्यावर फौजेतला पट्टा घट्ट. त्यांनाही हाच रोग, माझ्याहून कमी. "गड्या, पट्टा ढिला कर म्हणत्यात," ते सांगत. "तीस वर्सं कसून बांधायला शिकवलं, आता ढिला कर. फौजेनं ऐकलं तर कोर्टमार्शल हुईल माझं."

मी कसा आजारी पडलो ते त्यांना कळलं तेव्हा त्यांची थट्टा थांबली. मग म्हणाले, "आमच्या गावात तुमच्यासारखाच एक टोच्या यायचा. माझ्या आईला म्हणायचा, म्हातारे, देवीबिवी सब झूट हाय."  ते वाक्य तिथेच ठेवून कुशीवर वळले.

त्या वॉर्डात मी जे पाहिलं त्यावरून सांगतो. हा रोग वाकून काम करणाऱ्याला धरतो, जेवल्या जेवल्या आडवं होणाऱ्याला, पोट सुटलेल्याला, कंबर आवळून बांधणाऱ्याला. दिवसभर उपाशी राहून रात्री एकदम भरणाऱ्याला. तंबाखू आणि चहावर दिवस काढणाऱ्याला. गरोदर बायकांनाही होतो, त्यांचा बहुतेक बाळंत झाल्यावर जातो. आठवड्यातून दोनदा जळलं आणि ते महिनोन् महिने चाललं, तर सोड्यावर भागवू नका. घास अडकू लागला, वजन उतरू लागलं, उलटीत रक्त किंवा काळं दिसलं, तर एक दिवसही थांबू नका. माझी दोन वर्षं गेली. मला गाठ नव्हती हे माझं नशीब. यात माझी हुशारी काही नाही.

एकदा शेवंता भेटायला आली. मी तिला सगळं सांगितलं, म्हाताऱ्याने नाव घेतलं नव्हतं हेही. ती दुधाचा पेला पुसत राहिली.

"मला म्हाईत हुतं," ती म्हणाली. "तुमी कपबशीच्या बोलण्यावर धुमसत हुतासा. मी गप बसले. चूल माझ्या एकटीची झाली, मला बरं वाटलं." आणि मग, "आता दोघंबी तिच्या तोंडाकडं कसं बघायचं?"

घरी

घरी आलो. घरच्या खाटेखालीही विटा आल्या. तंबाखू सुटली. भाकरी बांधून नेऊ लागलो, झाडाखाली बसून खाऊ लागलो. वळचणीला खोचलेली कपबशी दिसली की "चहा नको" म्हणतो आणि कामाला लागतो. हे सगळं जमलं. एक जमत नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात मी पडवीत गेलो. वहिनी तांदूळ निवडत होती. मी दवाखान्याचा कागद पुढे केला. "वहिनी, डॉक्टरांनी लिहून दिलंय. तुमचा काही दोष नाही."

तिने कागदाला हात लावला नाही. "मला वाचता येत न्हाई. अन् माझा दोष न्हाई ह्ये मला दाक्तरनं सांगाया पायजे व्हय?"

"चुकलो मी. माफी मागतो."

"कुणाला ऐकाया आलं ह्ये?" ती म्हणाली. "मला. मला आधीच म्हाईत हुतं. तवा बोललासा ते पन्नास माणसांत. आता पडवीत येऊन कानात सांगतासा. भावजी, लय स्वस्तात सोडवतासा सवताला."

ती पुन्हा तांदूळ निवडू लागली. तिचं खरं होतं. आणि तरीही मी पुढचा दीड महिना टाळाटाळ केली. कधी प्रकृतीचं कारण सांगितलं, कधी कामाचं. मला भीती होती ती माझ्या नोकरीची आणि नावाची. देवी टोचणारा दोन वर्षं देवऋष्याकडे जात होता हे एकदा वस्तीबाहेर गेलं, की डोंगरातलं कुठलं पोर माझ्यापुढे दंड धरणार होतं? तिचं नाव घेताना मात्र मला असली कुठली भीती वाटली नव्हती.

पौर्णिमेच्या आधीची बैठक आली. समाजमंदिर भरलं होतं. वहिनी आली नव्हती. मी शेवंताला तिला आणायला पाठवलं आणि ती येईपर्यंत उभा राहिलो. तात्या दोनदा म्हणाले, "बस की रं, आजारी माणूस." मी बसलो नाही. बराच वेळ गेला. मग ती आली आणि बाहेरच, दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. तिथून ती आत आली नाही.

मी बोललो ते असं:

"दोन वर्षांपूर्वी याच जागी मी म्हणालो की माझ्या वहिनीने मला पोटात घातलं, आणि काढणाऱ्याने तिचं नाव सांगितलं. त्याने कुणाचंच नाव सांगितलं नव्हतं. नाव मी घेतलं. ती मला एक खरी गोष्ट बोलली होती, तिचा राग माझ्या मनात होता. माझा आजार माझ्या खाण्याचा, तंबाखूचा आणि त्या ओकण्याचा होता. आपण सगळ्यांनी जे सोडलं ते मी चोरून केलं आणि त्याचा डाग हिच्या हाताला लावला. तुम्ही मला सरकारी माणूस समजून माझ्यावर विश्वास ठेवलात, तो मी फसवला. उद्यापासून माझ्याकडून टोचून घ्यायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. वहिनी, मी तुमची माफी मागतो. तुम्ही ती दिली पाहिजे असं नाही. पण मी तुमच्याबद्दल बोललो ते खोटं होतं, आणि ते ज्यांनी ऐकलं त्या सगळ्यांनी आज हेही ऐकलं आहे."